खपलीचा इजिप्शियन पाव: उखळापासून भांड्यापर्यंत

प्राचीन इजिप्तच्या पद्धतीने खपलीचा पाव घरी करण्याचा माझा प्रयोग चालू आहे. स्टार्टर, म्हणजे पाव फुगवणारं आंबवलेलं विरजण, झकास चाललाय, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. या खेपेला सगळा वेळ खाल्ला तो कांडणाने.

फेरोंच्या, म्हणजे प्राचीन राजांच्या, इजिप्तमध्ये पावाचा मुख्य गहू एमर, म्हणजे आपला खपलीच. जोडीला जव. खपलीची मळणी झाली तरी तूस दाण्याला घट्ट धरून राहतं, म्हणून सोललेला न घेता सांगलीकडून तुसासकट मागवला. कोरडा कांडला की कणी होते. डेल्वेन सॅम्युएल या संशोधक बाईंनी अमार्ना या प्राचीन इजिप्शियन शहराच्या कामगार वस्तीतल्या दगडी उखळांवरून प्रयोग केले, त्यातली युक्ती साधी आहे: कांडण्याआधी पाण्याचा हबका मारायचा. ओलं तूस लवचीक होतं, मुसळाखाली दाणे एकमेकांवर घासतात आणि टरफल सुटून दाणा अख्खा बाहेर येतो. मग वाळवा, पाखडा, चाळा आणि तरीही उरलेलं हाताने निवडत बसा. खांदे भरून येतात!

दळायला जातं मुद्दाम टाळलं. त्या काळी तिथे फिरतं जातं नव्हतं. उतरत्या दगडावर दुसरा दगड मागेपुढे घासत. पाट्यावर वरवंटा फिरवताना तीच हालचाल होते. ममींचे दात झिजलेले दिसतात, त्यावरून दळताना मुद्दाम वाळू घालत असा समज पसरलाय. चिमूटभरही वाळू न घालता पाट्यावर पीठ छान बारीक झालं, आणि सॅम्युएल बाईंचा निष्कर्षही तोच आहे.

आता भांडं. १९९१ मध्ये पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांच्या चमूला गिझाला पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या वस्तीत भटारखाने सापडले. जमिनीत अंड्यांच्या ट्रेसारखे ओळीने खळगे, आणि जवळच ‘बेद्जा’ नावाच्या जाड, घंटेच्या आकाराच्या मातीच्या भांड्यांचे तुकडे. रिकामी भांडी आधी आगीवर रचून तापवायची, खळग्यातल्या निखाऱ्यांत बसवायची, आत सैल पीठ ओतायचं आणि वरून दुसरं तापलेलं भांडं पालथं घालायचं. त्या काळच्या लहान मूर्तींमध्ये आगीपुढे बसून, धग लागू नये म्हणून चेहऱ्यावर हात धरलेली बाई दिसते. ती का तशी बसलीय, हे आता मला नीट कळलंय.

मी बिनरंगाच्या मातीच्या कुंड्या घेतल्या आणि बुडाचं भोक कणकेच्या गोळीने बुजवलं. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्ट ठेवलं. तापलेल्या मातीला लागताच ते चर्र करतं आणि कडेने लगेच साल धरतं. खपलीचं ग्लूटेन (कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन) कमकुवत असतं, मोकळा ठेवलेला गोळा पसरून भाकरी होतो. इथे मात्र उंच, टोकदार पाव उभा राहिला. साल जाड आणि गडद, आतला भाग दमट, थोडा आंबूस, चवीला खमंग.

२०१९ मध्ये शेमस ब्लॅकली या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या हौशी पाववाल्यांनी प्राचीन भांड्यांतून काढलेल्या यीस्टचा पाव भाजला, तेव्हापासून सगळी चर्चा यीस्टभोवतीच फिरते. मला विचाराल तर या पावाचं रूप यीस्ट कमी आणि तापलेली माती जास्त ठरवते. स्टार्टर कुठलाही चालेल, भांड्याला पर्याय नाही.

पुढच्या खेपेला थोडा गहू मोड आणून, वाळवून पिठात मिसळणार आहे. थडग्यांतल्या काही पावांच्या स्टार्चवरून मोड आलेलं धान्य वापरल्याचं दिसतं. कुंभाराला जाड बुडाची घंटाकृती भांडी सांगितली आहेत. कोणी अशी भांडी आधी करून घेतली असतील तर मातीत वाळू किती घातली ते कळवा.