पोवळ्याच्या भिंती

फिलिपिन्समधल्या सेबू बेटाच्या धक्क्यावरून सकाळी सुटणारी बोट दोन तासांत तागबिलारानला लागते. बोहोल प्रांताची ही राजधानी. पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांसारखीच टार्सियर नावाची मोठ्या डोळ्यांची इवलीशी माकडं आणि चॉकलेट हिल्स नावाच्या टेकड्या बघून, टोपी विकत घेऊन परत आले. मग ऑफिसातल्या एका सहकारणीने तिच्या गावी, मारिबोहोकला बोलावलं आणि बोहोलची खोड लागली ती लागलीच. तिला मी आते म्हणते. इकडे आते म्हणजे ताई. फोनवर "आतेकडे चालले" म्हटलं की आई अजूनही विचारते, "कुठल्या गं आत्याकडे?"

माझा धंदा इमारतींचे सांगाडे काढण्याचा. आठवडाभर स्क्रीनवर तुळया आणि खांब बघितले की सुट्टीत माणसाने समुद्रावर पडून राहावं. मी जुन्या चर्चांच्या भिंती बघत फिरते.

सुरुवात बाक्लायोनपासून. तागबिलारानहून जीपनी, म्हणजे इकडची वडाप, पकडली की थोड्याच वेळात समुद्राला लागून चर्च दिसतं. येशूसंघाचे (जेझुइट) पाद्री इथे १५९६ मध्ये आले. आज उभं असलेलं दगडी चर्च पूर्ण झालं १७२७ मध्ये. पुढे १७६८ मध्ये स्पेनच्या राजाने येशूसंघीयांना हाकललं आणि ऑगस्टिनियन रिकॉलेक्ट या दुसऱ्या संघाचे पाद्री आले. त्यांनी आपल्या काळात पुढचा दर्शनी भाग जोडला. म्हणजे समोरून फोटो काढला की दिसतो तो नंतरचा भाग, मूळ चर्च त्याच्या मागे. बहुतेक लोक समोरूनच फोटो काढतात.

मी आत शिरण्याआधी बाजूच्या भिंतीला हात लावला. लांबून राखाडी, शेवाळाने काळपट झालेला साधा दगड वाटतो. जवळ गेल्यावर त्यात गोल गोल फुलं दिसतात, मसुराच्या दाण्याएवढी. प्रत्येक गोलात मध्यापासून कडेला जाणाऱ्या बारीक रेघा, छत्रीच्या काड्यांसारख्या. ही पोवळ्याच्या किड्यांची घरं. सबंध भिंत समुद्रातून काढून आणलेली आहे. या दगडाच्या चिऱ्याला इकडे तबलिया म्हणतात. पाण्यातून काढला की तो मऊ असतो, करवतीने कापता येतो, आणि वाळला की टणक होतो. लोखंडी अवजारं जेमतेम असलेल्या बेटावर याहून सोयीचा दगड कुठे मिळणार?

गाईड मात्र तुम्हाला अंड्यांची गोष्ट सांगतो. चुन्यात लाखो अंड्यांचा पांढरा बलक घातला म्हणून भिंती इतकी वर्षं टिकल्या. आणि उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय केलं, तर ब्रोआस. बाक्लायोनची ही हलकी, बोटाएवढी बिस्किटं खरंच छान असतात. चहात बुडवून दुसऱ्या सेकंदाला बाहेर काढली नाहीत तर तळाशी जातात. पण दर वेळी अंड्यांचा आकडा फुगवून सांगितला जातो आणि ते चिरे समुद्रातून वाहून कोणी आणले हा विषय एका वाक्यात संपतो, याचा मला राग येतो. स्पॅनिश राजवटीत सोळा ते साठ वयाच्या पुरुषांना वर्षाकाठी चाळीस दिवस सक्तीची मजुरी करावी लागे. पोलो म्हणत तिला. चर्च, पूल, जहाजं, सगळं त्यातून उभं राहिलं. ही बिगारीच. आपल्या भाषेत शब्द तयार आहे.

लोकांनी हे सगळं मुकाट्याने सोसलं असंही नाही. बोहोलमधल्याच इनाबांगा गावच्या पाद्रीने एका मृताला ख्रिस्ती दफन नाकारलं. त्या मृताचा भाऊ फ्रान्सिस्को दागोहोय डोंगरात शिरला आणि बंड केलं. वर्ष १७४४. ते शमलं १८२९ मध्ये. पंच्याऐंशी वर्षं! म्हणजे बंडात जन्मलेली माणसं म्हातारी होऊन बंडातच मेली. फिलिपिन्सच्या इतिहासात इतका लांबलेला उठाव दुसरा नाही. आणि बोहोलमध्ये पर्यटकांच्या बसेस थांबतात त्या १५६५ मध्ये स्पॅनिश सरदार लेगास्पी आणि इथला प्रमुख दातू सिकातुना यांनी एकमेकांचं रक्त पिऊन केलेल्या दोस्तीच्या पुतळ्यापाशी. पुतळा नापोलियन आबुएवाचा, सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पुढचं गाव लोबोक. तिथलं चर्च नदीकाठी. पूर येतो तेव्हा नदी आत येते, हे तिथल्या लोकांना नवीन नाही. मला लोबोकमध्ये सगळ्यात जास्त आवडतो तो अर्धवट पूल. काँक्रीटचा, नवा, नदी ओलांडून येतो आणि गावात शिरण्याआधी हवेतच थांबतो, कारण पुढे चर्चचा परिसर आहे. वारसा जपणाऱ्यांनी विरोध केला, काम थांबलं. माझ्यासारखीला अर्धी तुळई बघून पोटात कालवतं, पण पूल थांबला आणि चर्च राहिलं ही अदलाबदल मला मान्य आहे. इथला घंटेचा मनोरा चर्चपासून लांब, एकटा उभा आहे. भूकंपाच्या देशात ही अक्कल कामाची. पडला तर एकटा पडेल, छपरावर नाही.

आता भूकंप. १५ ऑक्टोबर २०१३, मंगळवार, सकाळी आठ वाजून बारा मिनिटं. तीव्रता ७.२, केंद्र सागबायानजवळ. ईदची सुट्टी होती, शाळा-ऑफिसं बंद होती, म्हणून मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या थोडा वर थांबला. ज्या प्रस्तरभंगामुळे, म्हणजे खडकातल्या भेगेमुळे, हे घडलं तो तोवर कुठल्याच नकाशावर नव्हता. बाक्लायोनचा दर्शनी भाग कोसळला, लोबोकचा मनोरा अर्ध्यावर तुटला. लोऑन आणि मारिबोहोकची चर्चं तर जमीनदोस्तच झाली.

का पडली, हे कळायला मला एक चिरलेला कोपरा पुरला. या भिंती दोन पदरी असतात. बाहेर घडवलेल्या तबलियाचा एक पदर, आत दुसरा, आणि मधल्या पोकळीत गोटे, तुकडे आणि चुना यांचा भराव. सरळ वजन पेलायला एकदम झकास. आडवा हिसका बसला की मात्र पदर सुटतात, भराव खाली बसतो आणि आतून ढकलून दर्शनी दगड बाहेर फेकतो. पोट फुटल्यासारखं. अंड्यांचा बलक तिथे काही करू शकत नाही.

आतेचे वडील, मीही त्यांना बाबाच म्हणते, मला मारिबोहोकच्या पुंता क्रूसला घेऊन गेले. तिथे समुद्रावर लक्ष ठेवायला १७९६ मध्ये बांधलेला टेहळणीचा बुरूज आहे, तोही भूकंपात पडला होता, पुन्हा उभा केलाय. दक्षिणेकडून होड्यांतून हल्ले व्हायचे, माणसं पळवून गुलाम म्हणून विकायचे, तेव्हाचा. मला वाटलं बाबा बुरूज दाखवणार. ते मला खाली किनाऱ्यावर घेऊन गेले. "हे आधी पाण्यात होतं," ते म्हणाले. भूकंपाच्या दिवशी समुद्र मागे सरला आणि परत आलाच नाही. लोक त्सुनामीच्या भीतीने डोंगराकडे पळाले. खरं तर समुद्र कुठे गेलाच नव्हता, जमीन वर आली होती. मारिबोहोक आणि लोऑनच्या किनाऱ्यावर तळच उचलला गेला.

मी चपलेवर भरवसा ठेवून चालत होते आणि व्हायचं तेच झालं. घसरले, तळपाय कापला. खाली बसून रुमाल बांधताना हाताखालचा दगड बघितला. तीच फुलं. मसुराएवढी, छत्रीच्या काड्यांची. ज्या हिसक्याने वर चर्च पाडलं त्याच हिसक्याने खाली तोच दगड समुद्रातून बाहेर आणून ठेवला होता, एकरच्या एकर. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, हो, पण आता पोलो नाही ना, कापणार कोण? आणि पोटभर हसले.

त्यांना भूकंपानंतरची चर्चच्या दगडांची वर्गवारी चांगली आठवते. पडलेला ढीग उचलून टाकायचा नव्हता. एकेक चिरा बाजूला काढून, नोंद करून ठेवायचा होता. लोऑनचं चर्च त्यातून पुन्हा उभं राहिलं, २०२१ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाने ते लोकांच्या हवाली केलं. लोबोकचंही त्याच वर्षी. मी लोऑनला आत बसले तेव्हा कुठला चिरा जुना आणि कुठला नवा हे शोधत बसले, आणि बाजूच्या बाईने मला प्रार्थना करतेय असं समजून जागा करून दिली.

घरी परतल्यावर आतेच्या आईने माझा पाय मिठाच्या पाण्याने धुतला. भात वाढायला तांदळाचा डबा काढला, त्याच्या झाकणावर एक दगड होता. मुंग्यांसाठी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग बाबा जरा खालच्या आवाजात म्हणाले, हा चर्चचा. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडला होता, उचलून आणला. नंतर नोंदणी सुरू झाली तेव्हा परत द्यायला लाज वाटली आणि आता इतकी वर्षं गेली.

"तू इंजिनियर आहेस. कुठला असेल? कमानीचा?"

मी तो हातात घेऊन फिरवला. एकही बाजू घडवलेली नव्हती. सगळीकडे चुना चिकटलेला, एका कोपऱ्यात शिंपल्याचा तुकडा. दर्शनी चिरा नव्हता तो, दोन पदरांमधला भराव होता. कोणाच्याच यादीत त्याला जागा मिळाली नसती. मी तसं सांगितलं.

बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. हायसं वाटलं की हिरमुसले, मला कळलं नाही. मग त्यांनी तो परत झाकणावर ठेवला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.