आमची वाटचाल : कर्ज आमचं, जोखीमही आमची

पंपांना लागणारे शाफ्ट आणि बुश बनवणारं आमचं वर्कशॉप एका जुन्या लेथवर सुरू झालं. मी आणि माझा धाकटा भाऊ. सुरुवातीची वर्षं ऑर्डरी मिळवण्यात, माल वेळेवर पोचवण्यात आणि अडकलेल्या पैशांसाठी फोन करण्यात गेली. ती सगळ्यांचीच तशी जातात.

खरा विचार करायला लावलं ते पहिल्या सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनच्या कर्जाने. आम्ही प्रायव्हेट लिमिटेड झालो होतो. कंपनी बुडाली तर आपण घातलेलं भांडवल जाईल, घरादाराला धक्का लागणार नाही, हे सीएंनी समजावून सांगितलं होतं. बँकेत मात्र मंजुरीपत्रासोबत वैयक्तिक हमीपत्र समोर आलं, म्हणजे कंपनीने कर्ज फेडलं नाही तर जामीनदार म्हणून आम्ही दोघं ते फेडू, असं लिहून देणं. सही कुठे करायची तिथे अधिकाऱ्याने पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या, पानापानावर. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जेवढी जबाबदारी कर्जदाराची तेवढीच जामीनदाराची. भावाने विचारलं, "दादा, मग कंपनी वेगळी काढून काय मिळवलं?" माल पुरवणाऱ्यांच्या देण्यापुरतं संरक्षण राहतं, बँकेपुढे नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. आम्ही सह्या केल्या. पुढे डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना दिवाळखोरी संहिता लागू झाली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. कंपनीच्या कर्जावर तोडगा निघाला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं.

त्या सह्यांनी आमचा धंदा करण्याचा ढंगच बदलला. कुठल्याही एका ग्राहकावर एकतृतीयांशाहून जास्त विक्री अवलंबून ठेवायची नाही. चार महिन्यांचा पगार मुदत ठेवीत राहील आणि मोठी ऑर्डर आली तरी तिला हात लागणार नाही. या दुसऱ्या नियमावरून आमच्यात वाद झाले, कारण त्याच पैशात आणखी एक मशीन सहज आलं असतं. मी हटलो नाही.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पगार त्या ठेवीतून झाले. मे महिन्यात केंद्राने ३ लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना आणली. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के नवं कर्ज, वेगळं तारण नाही, मुदत चार वर्षं आणि पहिलं वर्ष फक्त व्याज. बँकेचा फोन आपणहून आला. आजूबाजूचे काही उद्योजक म्हणत होते, "सरकारने हमी घेतलीय, बुडालं तर सरकार बघेल." हा गैरसमज मला फार घातक वाटला. ती शंभर टक्के हमी कर्ज देणाऱ्या बँकेला होती. हप्ते थकले तर बँकेची भरपाई हमी देणारी सरकारी संस्था करणार, आणि आपलं देणं मात्र आपल्याच नावावर राहणार. आम्ही निम्मीच रक्कम उचलली. त्यातून आधी हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग करून देणाऱ्यांची बिलं भागवली, कारण ते आमच्याहून लहान होते. ते कर्ज फिटलं.

त्याच सुमारास अमेरिकेत छोट्या उद्योगांना दिलेली कर्जं मुख्यतः पगारावर खर्च केल्यास माफ होत होती. त्यात मला गैर दिसत नाही. दार सरकारच्या आदेशाने बंद झालं असेल, तर ती जोखीम धंदेवाल्याने पत्करलेली नसते. अमेरिकेतल्याच २००८ च्या आर्थिक संकटाची गोष्ट मात्र वेगळी. एआयजी या विमा कंपनीने गृहकर्जांवर आधारलेले रोखे बुडाले तर भरपाई देऊ, अशी हमी विकून वर्षानुवर्षं कमाई केली. ते रोखे कोसळले तेव्हा, लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबरला, तिला सावरायला ८५ अब्ज डॉलरचं सरकारी कर्ज जाहीर झालं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, ज्या विभागाने हे नुकसान ओढवलं होतं, त्यातल्याच लोकांना सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस दिले गेले. कंपनीला दिलेले पैसे नंतर सरकारला नफ्यासह परत मिळाले, हे खरं आणि महत्त्वाचंही. ती बुडाली असती तर आमच्यासारखे किती तरी निर्दोष लोक तिच्याबरोबर गेले असते, हेही मी मान्य करतो. पण संस्था वाचवणं आणि जोखीम घेणाऱ्या माणसांना वाचवणं यांत फरक आहे, आणि तो तिथे पाळला गेला नाही. छोट्या उद्योजकाने कर्ज काढताना घर पणाला लावायचं आणि मोठ्यांनी पगारही जोखमीबाहेर ठेवायचा, हे मला कधीच पटणार नाही.

यंदा दुसऱ्या शेडचं काम काढलंय. निम्मे पैसे आमचे, उरलेलं कर्ज. या वेळी हमीची रक्कम कर्जाच्या ठरावीक टक्क्यांपुरती मर्यादित ठेवा, असा आग्रह आम्ही धरला. बँकेने आधी नकार दिला. आम्ही ताळेबंद आणि जुन्या कर्जाच्या परतफेडीचे उतारे पुढे ठेवले, तेव्हा प्रस्ताव वरच्या कार्यालयात गेला आणि मान्य झाला. मसुदा सध्या आमच्या वकिलांकडे आहे.