काँटेसाचा पंखा: बेल्टवरून विजेवर

माझी हिंदुस्तान मोटर्सची १.८ जीएल काँटेसा कसारा घाटात कधी तापली नाही. तापायची ती नाशिकच्या द्वारका चौकात. मे महिन्याची दुपार, एसी चालू, पुढे बस, मागे ट्रक, आणि तापमानाचा काटा मधली खूण सोडून हळूहळू वर चाललेला. मुंबई नाका ओलांडून पाथर्डी फाट्याकडे गाडी मोकळी पळायला लागली, की तोच काटा काही न करता खाली यायचा. अर्धं निदान इथेच होतं. वेगात तापणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा रेडिएटर, वॉटर पंप किंवा खुद्द इंजिनाचं दुखणं असतं. उभ्या उभ्या तापणाऱ्या गाडीला हवा कमी पडत असते.

काँटेसाचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसलेला असतो आणि बेल्टवर फिरतो. गाडी उभी असताना इंजिन आयडलला, मिनिटाला आठशे फेऱ्यांवर आलं की पंखाही तेवढाच मंदावतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. उलट हायवेवर समोरून भरपूर वारा येत असतो आणि पंख्याची काही गरज नसते, तेव्हा हा गरगर फिरत राहतो. पंखा फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेऱ्या चौपट झाल्या की ताकद चौसष्ट पट लागते. १८१७ सीसीच्या इसुझू इंजिनाने ती ताकद चाकांना द्यायची की वारा घालायला, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत होता. आज या आकड्यांना कोणी हसेलही, पण पाच गिअरची, मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी आली तेव्हा रस्त्यावर तिच्याशी शर्यत लावू शकतील अशा देशी गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

एक गोष्ट माझ्या बाजूची होती. काँटेसा म्हणजे मुळात व्हॉक्सहॉलची १९७० च्या दशकातली व्हिक्टर. तिकडे याच बॉडीत ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिनसुद्धा बसत असे. त्यामुळे आपल्या चार सिलिंडरच्या पुढे, पंपाचं नाक आणि रेडिएटर यांच्यामध्ये हात घालून काम करायला जागा राहते. जागा नसलेल्या गाड्यांत असा पंखा रेडिएटरच्या पुढून, ढकलणारा, बसवावा लागतो आणि तो येणाऱ्या वाऱ्यातच आडवा येतो. मला मागून खेचणारा बसवता येणार होता.

तरी आधी गाठले रेडिएटरवाले चाचा. त्यांना पंख्याचा बेत सांगितला तर म्हणाले, “शेठ, आधी रेडिएटर उतरवून द्या. आत गाळ असेल तर वर विमानाचा पंखा लावलात तरी गाडी तापणारच.” त्यांनी कथलाचा डाग काढून वरची टाकी वेगळी केली. आतल्या पितळी नळ्यांपैकी कडेच्या बऱ्याचशा पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या होत्या. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याची ती खूण. चाचांनी एकेक नळी रॉड मारून मोकळी केली, टाकी परत डागली, दाब देऊन पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले. झाकणही नवीन घेतलं, ०.९ बारचं. या झाकणाकडे कोणी लक्ष देत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. स्प्रिंग धड असलेलं ०.९ बारचं झाकण तोच आकडा ११८ च्या घरात नेतं, आणि निम्मं कूलंट घातलं तर आणखी वर. स्प्रिंग मेलेली असेल तर महागाचा पंखा लावूनही उकळी फुटायची ती फुटणारच.

याच टप्प्यावर प्रत्येक गॅरेजात एक सल्ला फुकट मिळतो: थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे वाट उघडणारी झडप, काढून टाका. मी काढला नाही. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हिवाळ्यात कोमटच राहतं, जास्त पेट्रोल पितं, लवकर झिजतं. आणि रांगेत उभं असताना तापायचं ते तापतंच. ८२ अंशांना उघडणारा नवीन थर्मोस्टॅट घातला.

रेडिएटर साफ झाल्यावर फरक पडला, पण रांगेत काटा अजूनही चढत होता. आता मात्र पंख्याला हात घालायला हरकत नव्हती.

पंखा निवडताना खोक्यावरचे सीएफएमचे, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, हे आकडे फसवतात. तो आकडा बहुधा पंखा हवेत मोकळा धरून मोजलेला असतो. माझ्या गाडीत पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, त्यामागे जाड रेडिएटर. एवढ्या जाळीतून हवा ओढायची म्हटलं की त्या आकड्यातला मोठा हिस्सा गळून पडतो. इटलीच्या स्पालसारखे चांगले उत्पादक किती अडथळ्याला किती हवा, याचा आलेखच देतात. खोक्यावर नुसता एक भला मोठा आकडा असेल तर मी वायरभोवती धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर काढतो. हवा हलवायला काम करावं लागतं आणि ते काम करंटमध्ये दिसतं. पाच-सहा अँपिअर ओढणारा चौदा इंची पंखा एवढ्या जाळीतून फार काही ओढू शकत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. मी घेतलेला पंखा चौदा अँपिअर ओढत होता.

तो नुसता रेडिएटरला चिकटवायचा नव्हता. बाजारात रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, पाच मिनिटांत पंखा बसतो. पण गाडीच्या हादऱ्यांनी त्याच पट्ट्या आतल्या नळ्या घासून काढतात. शिवाय शराउड, म्हणजे सगळ्या जाळीची हवा पंख्याकडे वळवणारं आवरण, नसलेला पंखा म्हणजे खिडकीत न बसवता खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर: तीच ती हवा फिरवत बसतो. चौदा इंचांच्या गोलापुरतीच जाळी गार होते आणि कोपरे गरमच राहतात. सातपूरला पत्र्याचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपमधून दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमचा शराउड करून घेतला. रेडिएटरची पूर्ण रुंदी झाकणारा, जाळीपासून पंख्यापर्यंत दोन इंच खोल. खोली नसेल तर कोपऱ्यातली हवा पंख्यापर्यंत पोहोचायला वाटच उरत नाही. उरलेल्या पत्र्याला चौकोनी खिडक्या पाडून त्यावर रबराचे पडदे लावले. पंखा ओढत असला की ते मिटतात, वेगात वारा आला की उघडतात. कडेने फोमची पट्टी. सगळा भार रेडिएटरच्या बाजूच्या ब्रॅकेटवर, जाळीवर शून्य.

जुना पंखा काढताना एक बारीक गोष्ट. तेच बोल्ट पुलीलाही धरून असतात. पंखा आणि स्पेसर गेला की ते लांब पडतात, आणि तसेच आवळले तर पुली नीट घट्ट बसत नाही किंवा बोल्टाचं टोक मागे पंपाला घासतं. त्याच आट्याचे आखूड, ८.८ ग्रेडचे बोल्ट घेतले. पंखा बसल्यावर जाळीपुढे कागद धरला. चिकटला पाहिजे. उडाला तर मोटरच्या वायरी उलट आहेत.

वेळ खाल्ला तो वायरिंगने. वायरमनने बॅटरीपासून रिलेपर्यंत (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि तिथून पंख्यापर्यंत एक स्क्वेअर मिलिमीटरची वायर ओढली. “साहेब, हेडलाइटला पण हीच चालते.” पंखा फिरला, तो खूश. मी मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंख्याच्या टोकांवर ११.९. गणित सोपं आहे. जाऊन-येऊन सहा मीटर वायर, तिचा रोध सुमारे ०.१ ओहम, त्यातून चौदा अँपिअर म्हणजे वायरमध्येच जवळपास दीड व्होल्ट गेले. राहिलेले थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) आणि जोडांत. पंख्याच्या फेऱ्या साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात पडतात, म्हणजे पैसे मोजून घेतलेली हवा वायर तापवण्यात चालली होती. चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर घालून, थिंबल दाबून आणि वर डाग देऊन पुन्हा मोजलं तेव्हा पंख्यावर १३.३ मिळाले. वायरमनने मीटर दोनदा बघितला आणि मग स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला.

रिले चाळीस अँपिअरचा. त्यावरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे डिन ७२५५२ या जर्मन मानकातले आहेत, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा रिले असो, साधारण तेच सापडतात. बॅटरीची वायर ३० ला, पंखा ८७ ला, बाकी दोन कॉइलचे. फ्यूज तीस अँपिअरचा आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूजच्या आधीची वायर बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं कोणी नसतं. चौदाचा पंखा आणि तीसचा फ्यूज कशाला, असं वाटेल. पण थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढते.

काही जण पंखा थेट इग्निशनच्या वायरवर जोडतात. जुन्या, कॉइलवर चालणाऱ्या इंजिनात त्याची गंमत होते: चावी बंद केली तरी फिरता पंखा डायनॅमोसारखी वीज उलटी सोडतो आणि इंजिन काही क्षण चालूच राहतं. रिलेमधून, बॅटरीवरून पंखा दिला की हा प्रकार उरत नाही.

पंखा कधी सुरू व्हावा, हे ठरवताना दुकानदाराचं म्हणणं होतं की लवकर सुरू होणारा स्विच घ्या, गाडी गारच राहील. पण थर्मोस्टॅट ८२ ला उघडतो आणि पंख्याचा स्विचही त्याच्याच आसपासचा असेल, तर पंखा एकदा सुरू झाला की थांबायचं नावच घेणार नाही. मी ९२ ला चालू आणि ८७ ला बंद होणारा घेतला. तो बसवायला लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची एक नळी टर्न करून घेतली, आतून २२ मिलिमीटरचे आटे, आणि वरचा होज कापून मध्ये ती दोन क्लिपांनी बसवली. स्विच खालच्या होजमध्येही बसतो, पण तिथे रेडिएटरमधून गार होऊन निघालेलं पाणी असतं, त्यामुळे आकडे कमी घ्यावे लागतात. एकाच वायरच्या स्विचला अर्थ, म्हणजे बॅटरीची ऋण बाजू, बॉडीतून मिळते, आणि ही नळी दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेली. तिला वेगळी अर्थ वायर द्यावी लागते, नाहीतर इंजिन उकळेल तरी पंखा हलणार नाही.

एसीसाठी दुसरा हुकूम हवा होता. कॉम्प्रेसरचा क्लच लागला की पाणी गार असो वा गरम, पंखा फिरलाच पाहिजे, नाहीतर उभ्या गाडीत कंडेन्सरचा दाब चढतो. क्लचच्या वायरवरून दुसऱ्या एका छोट्या रिलेची कॉइल चालवली; तो रिले मोठ्या रिलेला अर्थ देतो. थर्मोस्विचही अर्थच देतो. दोघांपैकी कोणीही हाक मारली तरी पंखा येतो.

आणि मग जे व्हायचं ते झालं, अल्टरनेटरने मान टाकली. रात्री कॉलेज रोडला हेडलाइट, एसीचा ब्लोअर, क्लच आणि हा पंखा सगळं एकदम. आयडलला बॅटरीवर १२.४ व्होल्ट. म्हणजे चार्जिंग सोडाच, बॅटरीच उपसली जात होती. नुसते दोन हेडलाइट नऊ अँपिअर खातात, ब्लोअर दहाच्या पुढे, वरून पंख्याचे चौदा. एसीची आयडल थोडी वाढवून पाहिली, पुरली नाही. शेवटी ब्रॅकेट बदलून मोठा अल्टरनेटर बसवला. पंख्याच्या किमतीपेक्षा हा खर्च मला जास्त झाला आणि तो आधीच धरून चालायला हवा असं मी प्रत्येकाला सांगतो. पंख्याचं खोकं विकणारा ते सांगत नाही.

चाचणीला तीच द्वारका, तोच मे. डॅशवरच्या काट्यावर विश्वास नव्हता, म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो, त्यामुळे रेडिएटरच्या वरच्या टाकीवर काळी टेप चिकटवली होती. रांगेतून बाहेर पडून बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून बघितलं. एसी चालू, बाहेर चाळीस, आणि टाकी ९० ते ९३ च्या मध्येच. एसी बंद केला तर पंखा थोडा वेळ चालून थांबायचा, पुन्हा यायचा. कसारा घाटात एसी बंद करून चढलो. मोकळ्या रस्त्याला पंखा आला नाही, कंटेनरच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये अडकल्यावर आला. स्टिअरिंगखाली लावलेल्या छोट्या दिव्यामुळे हे कळतं. त्या दिव्याशेजारी हाताने पंखा चालू करायचा स्विचही आहे, थर्मोस्विच मेला तर घरी पोहोचण्यापुरता.

इंजिन मोकळं फिरतं का, असं सगळे विचारतात. तिसऱ्या गिअरमध्ये वरच्या फेऱ्यांना आवाज नक्की बदललाय, ती पंख्याची घरघर गेली. वेग किती वाढला, हे मी मोजलेलं नाही. पावसाळ्यात मात्र एक फायदा झाला जो मी धरलाच नव्हता. त्र्यंबक रोडला साचलेल्या पाण्यातून जाताना बेल्टवरचा पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग, भिजवायचा आणि गाडी एका सिलिंडरवर रुसायची. आता अशा ठिकाणी एसी बंद करतो, पंखा थांबतो, गाडी निघून जाते.

ग्लव्ह बॉक्समध्ये एक जादा रिले आणि दोन फ्यूज आहेत. रिले एकदा लागला.