फर्नांडोची सही आणि चारचं ऊन

दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन फळीवर चढतं आणि नेमकं चेंडूवर जाऊन बसतं. बेसबॉलचा चेंडू, त्यावर निळ्या शाईत फर्नांडो व्हॅलेन्झुएलाची, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या गोलंदाजाची, सही. दिसतं झकास. सहीचा वैरीही तेच ऊन.

बॉलपेनची शाई उजेडात उडते, आणि आधी उडतात त्या बारीक रेघा. यूव्ही-रोधक डबी घेतली म्हणून निर्धास्त राहू नये. ती अतिनील किरण अडवते, साधा उजेड आत येतोच. फळी खिडकीसमोरून हलवावी, नाहीतर चेंडू कपाटात ठेवून पाहुणे आले की बाहेर काढावा. पाहुणे हात लावणारच, म्हणून चेंडू शिवणीवर धरायला सांगावं. बोटांचा तेलकटपणा कातड्यात मुरतो आणि काही वर्षांनी तिथे पिवळा डाग उमटतो. पूर्वी काही शौकीन सही पक्की राहावी म्हणून वर चपड्याचं पॉलिश चढवत. ते चेंडू आज तपकिरी झालेत.

सही घ्यायची ती बॉलपेननेच, निळ्या. मार्करची शाई कातड्यात पसरते आणि अक्षरांना मिशा फुटतात. जागा म्हणजे दोन शिवणी जिथे सर्वात जवळ येतात तो अरुंद पट्टा. अशा दोन जागा असतात, एकीवर छाप असतो, दुसरी कोरी. अख्ख्या संघाच्या सह्यांच्या चेंडूवर मात्र ही मानाची जागा रिवाजाने मॅनेजरची (संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची). म्हणजे 1981 च्या डॉजर्सच्या चेंडूवर तिथे टॉमी लसॉर्डा शोधायचा, आणि ज्याच्यासाठी जीव टाकला तो फर्नांडो कुठेतरी बाजूला.

छाप नीट वाचावा. डॉजर्स खेळतात त्या नॅशनल लीगच्या 1981 च्या चेंडूवर लीगचे अध्यक्ष चार्ल्स फीनी यांचं नाव असतं. 2000 पासून नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीगच्या चेंडूंवर त्यांच्या सामाईक प्रमुखाची, कमिशनरची, सही आली. कमिशनर बड सेलिगच्या छापाच्या चेंडूवरची सही 'एक्याऐंशीत घेतलेली' म्हणून कोणी दाखवली, तर चहा प्यावा आणि उठावं.

कार्डांचं दुखणं निराळं. टॉप्स कंपनीच्या खेळाडू-कार्डांच्या 1981 च्या संचात फर्नांडो 302 क्रमांकावर, तोही एकटा नाही. माइक सोशिया आणि जॅक पर्कोन्ट यांच्यासोबत दाटीवाटीने तीन चेहऱ्यांत. फ्लीअर या दुसऱ्या कंपनीच्या 140 क्रमांकाच्या कार्डावर नाव छापलंय 'फर्नांड'. शेवटचा 'ओ' गायब! मला हे कार्ड जास्त आवडतं. चेंडू टाकण्याआधी डोळे आभाळाला लावणारा मेक्सिकोचा विशीतला पोरगा अजून छापखान्याच्याही ओळखीचा झाला नव्हता, हे त्यात दिसतं. कार्ड आधी मऊ पातळ पिशवीत घालावं, मग कडक खोळीत. पिशवीवाचून सरळ खोळीत ढकललं की कोपरे बोथट होतात, आणि कार्डांचा दर्जा ठरवणारे ग्रेडिंगवाले कोपऱ्यांना माफ करत नाहीत. पीव्हीसीचे जुने अल्बम तर काढूनच टाकावेत. त्यांना तेल सुटतं आणि कार्ड चिकटतं.

1981 च्या हंगामात फर्नांडोने पहिले आठही सामने जिंकले, त्यातल्या पाचांत समोरच्या संघाला एक धाव मिळू दिली नाही. सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार आणि नवोदित खेळाडूचा पुरस्कार एकाच वर्षी मिळवणारा तो आजही एकटाच. पण ज्या सामन्याचं तिकीट जपून ठेवावं तो या आठांतला नाही. त्याच वर्षीच्या न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, तिसरा सामना घ्यावा: 147 चेंडू, सात वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला तळ), चार धावा दिल्या, आणि तरी 5-4 ने काढला. डॉजर्सनी नंतर ती मालिकाच जिंकली.

मात्र सगळ्यांत नीट जपलेली वस्तू कोणाच्या फळीवर नव्हती. 1991 मध्ये तो संघातून गेला आणि 34 नंबरची जर्सी डॉजर्समध्ये पुन्हा कोणाला मिळाली नाही. एरवी संघाचा नियम कडक: बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्याशिवाय खेळाडूचा नंबर निवृत्त होत नाही, म्हणजे कायमचा राखून ठेवला जात नाही; अपवाद डॉजर्सच्याच जिम गिलियमचा. फर्नांडो हॉलमध्ये गेला नाही. तरी सामान सांभाळणाऱ्यांनी नंबर कोणाला दिला नाही, ऑगस्ट 2023 मध्ये समारंभाने निवृत्त होईपर्यंत. पुढच्याच वर्षी, 22 ऑक्टोबर 2024 ला, फर्नांडो वारला. तीनच दिवसांनी यँकीजशीच वर्ल्ड सीरिज सुरू झाली, डॉजर्सच्या बाहीवर 34 ची पट्टी होती, आणि डॉजर्सनी ती पाच सामन्यांत आटोपली.