एसएमपीएस ‘ओके’ आहे, असं तीनदा ऐकलं

सर्व्हिस सेंटरला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) देताना जॉबशीटवर ‘लोड देऊन तपासणे’, म्हणजे वीज ओढायला लावून तपासणे, असं लिहूनच घ्या. मी घेतलं नाही आणि माझे सव्वीस दिवस गेले.

मी पुण्यात घरूनच आर्किटेक्ट लोकांसाठी ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी व्ह्यू करतो. एका आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डवर भागेना, म्हणून तसंच दुसरं कार्ड घेतलं. बोर्ड, कॅबिनेट, पंखे सगळं एका रविवारी बसलं. एसएमपीएसचा हिशोब कागदावर केला होता: दोन कार्डांचे ३५० प्रमाणे ७०० वॅट, रायझन ५९५०एक्स प्रोसेसरचे पूर्ण ताणावर १४२, बाकी साठ-सत्तर. बेरीज नऊशेच्या थोडी वर, म्हणून १००० वॅटचा गोल्ड एसएमपीएस घेतला. दुकानदारही म्हणाला, पुष्कळ झाला.

पहिल्याच मोठ्या रेंडरला, म्हणजे अंतिम चित्रं तयार होताना, विसाव्या मिनिटाला मशीन एकदम बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, पंखेसुद्धा थांबले. एक कार्ड काढलं की तेच मशीन रात्रभर चालायचं. एसएमपीएस वॉरंटीत होता, तो काढून सर्व्हिस सेंटरला नेला.

तिथे टोकन, मग रांग, मग ‘आठ दिवसांनी फोन करा’. अकराव्या दिवशी मेसेज आला, घेऊन जा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, टेस्टिंगमध्ये ओके आहे.” घरी आणून जोडला, अठराव्या मिनिटाला बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला होता, तो त्याने अर्धासुद्धा पाहिला नाही. रॅम बदलून बघा, विंडोज नव्याने टाका, असं सांगितलं. विंडोज मी आधीच दोनदा टाकलं होतं. पुन्हा नऊ दिवस, पुन्हा ‘ओके’. तिसऱ्यांदा अख्खं कॅबिनेट रिक्षात घालून घेऊन गेलो. म्हटलं, इथेच लावा, वीस मिनिटं थांबतो. तर म्हणे, आम्ही फक्त आमचा पार्ट घेतो, सिस्टिम आत घेता येत नाही. दरम्यान बाणेरच्या एका क्लायंटचं काम हातचं गेलं. मी तिथून हललो नाही तेव्हा आतून एक सीनियर इंजिनिअर आले. टेस्टिंग म्हणजे नेमकं काय करता, असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं: हिरवी वायर काळीला जोडून चालू करतो आणि १२, ५, ३.३ व्होल्ट नीट येतात का ते बघतो. लोड काहीच नाही! जो दोष सातशे-आठशे वॅट ओढल्यावर दिसतो, तो रिकाम्या एसएमपीएसमध्ये दिसणार कसा? हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी दुसरा मार्ग धरला असता. त्यांनी पाच दिवस ठेवून घेतला आणि परत ‘ओके’ म्हणूनच दिला.

सुटका केली नाशिकच्या मित्राने, दहा मिनिटांच्या फोनवर. म्हणाला, एनव्हिडिया-एसएमआय या कार्डासोबतच्या कमांडने दोन्ही कार्डांना २८० वॅटची मर्यादा घाल आणि रेंडर लाव. लावला, रात्रभर चालला. फ्रेममागे काही सेकंद जास्त लागले, एवढंच. तेव्हा कळलं की ३५० ही सरासरी आहे. ही कार्डं काही मिलिसेकंद दीडपटसुद्धा ओढतात, आणि दोन्ही एकाच क्षणी उसळली की एसएमपीएसचं संरक्षण त्याला बंद करतं. सॉकेटला लावायच्या वॉटमीटरवर ही उसळी दिसत नाही, माझा मीटर निवांत नऊशे दाखवायचा. शिवाय हा आकडा भिंतीतून ओढलेला. एसएमपीएसवर लिहिलेले वॅट तो आत देतो त्याचे असतात, म्हणजे आत जात होते ते नऊशेहून कमीच. गोल्ड, प्लॅटिनम हे शिक्के वीज किती वाया जाते तेवढंच सांगतात, उसळी झेपेल का ते नाही. त्यासाठी एटीएक्स ३.० बघा. २०२२ च्या त्या मानकात दुपटीपर्यंतची उसळी १०० मायक्रोसेकंद झेलण्याची अट आहे.

मी शेवटी त्याच मानकाचा १६०० वॅटचा घेतला. खोक्यातली वायर बघून पुन्हा थांबलो: मागचं सॉकेट नेहमीचं नव्हतं, जाड सी१९ होतं, आणि प्लग १६ अँपिअरचा. माझ्या खोलीत सगळे पॉइंट ६ चे. इलेक्ट्रिशियन काकांनी गीझरला ओढतात तशी डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डापासून) वेगळी लाइन ओढून दिली. ॲडॉप्टर लावून भागवू नका, हे तेही म्हणाले आणि मीही म्हणतो.

माझ्या प्रत्येक कार्डाला आठ पिनांचे तीन प्लग लागतात. आठ पिनांचा एक प्लग १५० वॅटसाठी असतो, तेव्हा एका वायरची दोन तोंडं वापरण्यापेक्षा तीन वेगळ्या वायरी ओढा. जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका, प्लग बसला तरी आतली पिनांची रचना वेगळी असू शकते आणि कार्ड जळू शकतं. यूपीएस घेताना त्यावरचा व्हीएचा मोठा आकडा नव्हे, वॅटचा वाचा.

आता दोन्ही कार्डं पूर्ण ३५० वर चालतात. पहिल्या रात्री मी खुर्ची ओढून मशीनसमोरच बसलो होतो. विसावं मिनिट गेलं, चाळिसावं गेलं, आणि सकाळी सगळ्या फ्रेम फोल्डरमध्ये होत्या.