भारताचा नंबर कितवा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करते म्हटल्यावर हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो: "विज्ञानात आपला देश कितवा हो?"

नुसता आकडा हवा असेल, तर तिसरा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने स्कोपस या डेटाबेसवरून केलेल्या मोजणीत २०२२ साली चीनचे सुमारे ९ लाख शोधनिबंध होते, अमेरिकेचे साडेचार लाख आणि आपले २ लाखांच्या थोडे वर.

पण मोजलं कसं, हे विचारल्याशिवाय मी तरी आकडा पुढे करत नाही. तीन लेखकांपैकी दोन पुण्यातले आणि एक जर्मनीतला असेल, तर भारताच्या खात्यात अख्खा निबंध धरायचा की दोन तृतीयांश? दोन्ही पद्धती चालतात. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर २०१५ साली आलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या यादीनेच भरली. अख्खा निबंध धरायचा म्हटलं, तर त्यात ज्याचा एकच शास्त्रज्ञ आहे त्या देशालाही पुरता निबंध मिळतो आणि त्याची सगळी सायटेशन्सही, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत केलेले त्याचे उल्लेख. लहान देशांची दर निबंधामागची सायटेशन्सची सरासरी अशा चार-दोन निबंधांनी केवढी वर जाते!

सायटेशन्स विषयागणिकही बदलतात. गणितात ती सावकाश येतात, वैद्यकात भराभर. म्हणून त्या विषयाची, त्या वर्षाची जागतिक सरासरी १ धरून तुलना करतात. मला तीच त्यातल्या त्यात न्याय्य वाटते.

तरी एक गोष्ट कशातच मावत नाही. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि हजारी ६२ असलेला मृत्युदर २६ च्या आसपास आला. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे. देशाच्या मोजणीत तो एक निबंध. त्याला सायटेशन्स भरपूर आहेत, पण सायटेशन देतो तो निबंध लिहिणारा. आशाताईची फेरी कुठेच नोंदली जात नाही.

आणि संख्येच्या हट्टापायी काय होतं, तेही मी टेबलापलीकडून पाहिलंय. बढतीसाठी पैसे भरून कुठल्याशा जर्नलात निबंध छापून आणलेले प्राध्यापक, आणि ते जर्नल मान्यताप्राप्त यादीतून गेल्यावर पडलेले त्यांचे चेहरे. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं एकदम काढली होती.

परवा भूजलावर काम करणारी एक विद्यार्थिनी हिरमुसून आली. तीन वर्षांत चारच सायटेशन्स. आम्ही ते चारही निबंध उघडून वाचले. तिघांनी तिचं नाव नुसतं संदर्भांच्या यादीत घेतलं होतं. चौथ्याने तिची पद्धत वापरून आपल्या तालुक्यातल्या विहिरी मोजल्या होत्या. ते पान तिने छापून मागितलं.