एकाच पाण्यातले आपण

आज शरणपूरच्या चर्चमध्ये भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेब पाणी घालत होते आणि माझं लक्ष मात्र आमच्या दोन काकांकडे. एक या टोकाला, दुसरे त्या टोकाला. बांधावरून बोलणं बंद आहे, बाकी दोघेही रविवार चुकवत नाहीत!

१९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, आणि जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावरच पाण्यात उतरणारे बॅप्टिस्टही होते. कोणी कोणाला हरवलं नाही. दोन्ही रीती मान्य करून सगळे प्रभुभोजनाच्या एकाच मेजाशी आले. मला हे फार मोठं वाटतं. शतकांचा वाद तो, आमच्यासारखा दोन हात बांधाचा नव्हे.

बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथ गावच्या मंडळीला लिहितो, देवाने समेटाची सेवा आम्हांला दिली आहे. ‘आम्हांला’ म्हणजे फक्त पाळकांना, अशी आपली सोयीची समजूत.

जेवताना थोरल्या काकांनी मला विचारलं, “त्याने गोड घेतलं का?” धाकटे काका शेजारीच उभे होते. याला समेट म्हणणार नाही मी. पण पुढच्या रविवारी दोघांना घरी बोलावलंय, बांधाच्या मोजणीची नक्कलही काढून ठेवतोय.